उंबरठ्याचा डबा

५ नोव्हेंबर १९६७, रविवार. अमडापूर

आज एका रेडिओतून झुरळांचं अख्खं खानदान निघालं. मालक विचारतो, "हवालदार, आवाज घोगरा काऊन येऊन राह्यला?" आत अंडी, लेंड्या, पिठाचा थर आणि व्हॉल्व्हला चिकटून भाजलेलं एक झुरळ. चुलीशेजारी रेडिओ ठेवायचा आणि मग माझ्याकडे आणायचा. दोनदा साबण लावूनही हाताचा वास गेला नाही. भाकर अर्धी टाकली.

फौजेतून, सिग्नल्समधून, पेन्शन घेऊन आलो त्याला दीड वर्ष झालं. तिथे लॉगबुक लिहायची सवय होती, म्हणून ही वही. नाहीतर इथे लिहिण्यासारखं काय आहे?

दुपारी चिखलीचे मंडपवाले पंजाबराव आले. अंगाला एवढं अत्तर की त्यापेक्षा झुरळं बरी. जानेवारीत चिखलीला मोठं शेतकी प्रदर्शन आहे, मुख्य मंडप त्यांच्याकडे. "हलतं-बोलतं काईतरी पायजे. मानूस आत आला की तोंडात बोट गेलं पायजे." गेल्या गणपतीत त्यांच्या देखाव्यासाठी मी चौदा बटणं हातानं दाबत होतो. घाईत कृष्ण जन्मायच्या आधीच पाळणा हलला. लोक पोट धरून हसले. पंजाबरावही हसले, तेही माझ्याकडे बोट दाखवून. ते अजून जात नाही मनातून.

हो म्हणालो. पण बटणं नाहीत. दुसरं काहीतरी.

१२ नोव्हेंबर

सुचलं ते लिहून ठेवतो. फौजेत टेलिफोनच्या एक्सचेंजवर एक दोरी ह्या भोकातून काढून त्या भोकात खुपसली की दोन माणसं जोडली जायची. माणसांऐवजी कामं जोडली तर?

एक मोठी सागाची फळी. तिच्यावर डबे. एका डब्याला एकच काम. एक ऐकतो (मागे मायक्रोफोन). एक दिवा कमीजास्त करतो. एक मोटर फिरवतो. एक नुसता थांबतो, आलेला इशारा चार सेकंदांनी पुढे पाठवतो. एक टेप वाजवतो. आणि एक उंबरठ्याचा: ठराविक जोराच्या वरचा आवाज असेल तरच पुढे सोडतो, त्याखालचा अडवतो. प्रत्येक डब्याला डावीकडे आत यायचं भोक, उजवीकडे बाहेर जायचं. मध्ये दोऱ्या. दोऱ्यांत फक्त बारा व्होल्ट, बॅटरीचे. मोठा करंट फळीच्या मागे. म्हणजे खेळ चालू असताना दोरी काढा, दुसरीकडे लावा, काही जळत नाही, कुणाला झटका बसत नाही. दोऱ्या कुठून कुठे गेल्या ते बघितलं की काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. वाचता यायची गरज नाही.

हे मी कुणाला सांगायचं इथे? शेजारच्या किराणावाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्यापेक्षा पिठाची गिरनी टाका."

२६ नोव्हेंबर

फळी चिखलीला पंजाबरावांच्या गोदामात नेली. गोदामात ताडपत्र्यांचा कुजका वास, कोपऱ्यात मेलेली घूस. कुणी उचलत नाही. मीच उचलली.

तिथे झुंबरबाई म्हणून एक बाई आहे. विधवा, पंचेचाळिशीची, बारा वर्षं कनाती आणि झालरी शिवते. अंगठेबहाद्दर. डब्यांवर मी इंग्रजी अक्षरं लिहिली होती, ती बघून म्हणाली, "भाऊ, हे मुंग्याच मुंग्या काय काढल्या?" मग न विचारता रंग घेऊन बसली. ऐकणाऱ्या डब्यावर कान काढला, मोटरवर हात, थांबणाऱ्यावर कासव. उंबरठ्याच्या डब्यावर खरोखरचा उंबरठा, त्याच्या अलीकडे दोन पावलं. मी चिडलो. पण पुसायला वेळ नव्हता.

१० डिसेंबर

झुंबरबाईनं आज चूक केली. कासवाच्या उजव्या भोकातून एक दोरी दिव्याला होतीच, तिथूनच दुसरी दोरी तिनं वळवून कासवाच्याच डाव्या भोकात खुपसली. फौजेत असं केलं असतं तर शिक्षा झाली असती. दिवा आपोआप हळूहळू मोठा होई, हळूहळू मंद होई, पुन्हा मोठा. थांबेना.

"हे काय केलं?"

"काई नाई. त्याचं त्यालेच ऐकवलं."

मी दोरी काढली. तेवढ्यात पंजाबराव आत आले आणि ओरडले, "हवालदार, ते परत करा! दिवा श्वास घेऊन राह्यला!" परत लावली. "डोकं हाय तुमचं," म्हणाले. झुंबरबाईचं नाव मी घेतलं नाही. ही जोडणी तशी माझ्या फळीवरच झाली होती.

२८ डिसेंबर

बाहुली आली. धरतीमाता, नऊ फूट, कागदाच्या लगद्याची. खळीचा आंबूस वास डोक्यात जातो. तिच्या उजव्या हातात काचेचं कणीस, आत दिवा. योजना अशी: शेतकरी समोर उभा राहून मायक्रोफोनमध्ये बोलेल, "मी बांध घालीन" किंवा "हायब्रीड ज्वारी पेरीन". आवाज उंबरठा ओलांडेल, कणीस उजळेल, चार सेकंदांनी माता हात उचलेल. तसं चांगलं आहे. शपथ लक्षात राहील.

प्रदर्शनाच्या समितीची माणसं बघायला आली. एक जण बोलता बोलता बाहुलीच्या पायाशीच पानाची पिंक टाकून गेला. झुंबरबाईनं पुसलं.

१८ जानेवारी १९६८, गुरुवार. चिखली

उद्घाटन झालं. फळी कनातीमागे, मी तिच्यासमोर, झुंबरबाई शेजारी. मंडप आतून पूर्ण काळा केलाय, भरदुपारी अंधार. बाहेर भोंगे, भजीवाले, पाळण्याचा कर्रकर्र आवाज. उंबरठ्याचं बटण तीनवर ठेवलं तर कुणाच्या खोकल्यानंही माता हात उचलते. म्हणून सहावर नेलं. आता नीट चालतं.

पुरुष छाती भरून ओरडतात, कणीस पेटतं, टाळ्या. काही बायका आल्या, पदर तोंडाशी धरून पुटपुटल्या. आवाज मोजणारा काटा चारावरही जाईना. लाजून पळाल्या. बोलायचंच नव्हतं तर आल्या कशाला? झुंबरबाई म्हणाली, "बायांसाठी उंबरठा खाली घ्या की." मी म्हणालो, यंत्र एकदा लावलं की लावलं.

२० जानेवारी

लोक बाहुलीच्या पाया पडायला लागले आहेत. पेटलेलं कणीस श्वास घेतल्यासारखं लहानमोठं होतं, त्यामुळे. कुणीतरी नारळ फोडला, ते पाणी मायक्रोफोनच्या दांडीवर उडालं, चिकट. गुलाल, तेल, शेंगांची टरफलं. आणि एक बोलणं पसरलंय: खरं बोललं तरच कणीस पेटते.

सकाळी येऊन बघतो तर पंजाबरावांनी दारावर पाटी रंगवलेली. "धरतीमाता खऱ्याला हात देते."

"पंजाबराव, हे खोटं आहे. ती खरंखोटं ओळखत नाही, आवाजाचा जोर मोजते."

"मी कुठी म्हनून राह्यलो? लोकं म्हनून राह्यले. मी फक्त लिवलं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. अत्तर. "रांग पाहा, हवालदार. पार बसस्टँडपर्यंत गेली. हे तुमच्या फळीचं नाव होऊन राह्यलं."

पाटीवर माझं नाव नाही. मी यंत्राचा माणूस. लोकांनी काय समजावं हे माझ्या हातात नाही.

२१ जानेवारी, रविवार

जे झालं ते तसंच लिहितो.

अकराच्या सुमारास धाडच्या पलीकडच्या एका खेड्यातले वीसेक लोक आले. बरोबर त्यांचे पंच. वाद विहिरीचा. भगवानराव नावाचा भक्कम गडी, आणि त्याच्या मेलेल्या भावाची बायको जनकाबाई. विहीर दोघा भावांनी खोदली म्हणे. भगवानराव म्हणतो, भावानं मरायच्या आधी तोंडी हिस्सा सोडला, विहीर माझी एकट्याची. ती म्हणते, सोडला नाही, मला पाण्याची पाळी पाहिजे. कागद नाही, साक्षीदार नाही. तिची वांगी-मिरची उभी वाळते आहे. पंचांना ठरवता येईना, म्हणून धरतीमातेकडे.

सरपंच शेषराव म्हणाले, "दोघंई बोला. माता ज्याले हात देईन त्याचं खरं."

भगवानराव बोलला. काटा आठ. कणीस पेटलं, हात वर. लोकांनी जयजयकार केला.

मग जनकाबाई. कनातीच्या फटीतून दिसत होती, चार हातांवर. डोक्यावर पदर, हात जोडलेले. बरंच काही बोलली. काय ते माझ्या लक्षात नाही, मी काटा बघत होतो. साडेतीन. एकदा चार. पुन्हा तीन.

झुंबरबाई हळूच म्हणाली, "भाऊ, खाली घ्या." मी बटणावर हात ठेवला होता. फिरवलं असतं तर एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, असं झालं असतं. ते अप्रामाणिक. फिरवलं नाही.

कणीस पेटलं नाही. गर्दीतून कुणीतरी "खोटारडी" म्हणालं. मग सगळेच. एका म्हातारीनं तिच्या दिशेनं थुंकलं. ती बाई उभीच होती, हात जोडलेले, मातेच्या हाताकडे बघत. अजून उचलेल असं वाटत असावं. मग तिच्याच माणसांनी तिला बाजूला केलं.

मला त्या गर्दीची शिसारी आली. जनावरं बरी. आणि त्या बाईचाही राग आला. एकदा, फक्त एकदा, जोरात बोलली असती.

दुपारी डबा खाल्ला नाही. खळीचा वास.

२२ जानेवारी

आज झुंबरबाईनं सगळं घालवलं.

मंडपाच्या मागे जनावरांच्या स्पर्धेतला एक वळू बांधलेला होता. फळीला दोन कान आहेत, एक बाहुलीसमोरचा, दुसरा निवेदकाचा. दुपारी दोन भाऊबंद चोरीच्या जोखडाचा वाद घेऊन समोर उभे होते. मी पाणी प्यायला गेलो होतो. तेवढ्यात हिनं निवेदकाचा मायक्रोफोन कनातीखालून वळूच्या तोंडाशी नेऊन ठेवला. परत आलो तर फळीवर समोरच्या कानाची दोरी काढून दुसऱ्याची लावत होती. खेळ चालू असताना. एवढ्या सफाईनं की दिवा लवलाही नाही.

वळू हंबरला. कणीस भपकन पेटलं. धरतीमातेनं हात उचलला. समोर कुणी तोंड उघडलं नव्हतं.

मग तिनं कनातीची दोरी ओढली. स्वतः शिवलेली कनात. धाडकन खाली. भर उजेडात फळी, दोऱ्या, मी हातात तांब्या घेऊन, आणि मागे वळू.

"पाहा!" ती ओरडली. "पाहा खरं कोन बोलून राह्यलं ते!"

मग हशा. गणपतीत झाला त्याच्या दसपट. पोरंबाळं वळूच्या पाया पडू लागली.

पंजाबराव मेखा ठोकायची मोगरी घेऊन आले. मला वाटलं तिला मारतात. फळीवर मारली. तीन घाव. कासव, हात, टेप, सगळं गेलं. झुंबरबाईला म्हणाले, "बारा वर्षं पोसली तुले. उद्यापासून तोंड दाखवू नको." मग माझ्याकडे बघून पिंक टाकली. माझ्या बुटावर पडली.

अडीच महिने घासून केलेलं काम. तीन डबे तेवढे वाचले: एक कान, उंबरठा, दिवा. ट्रंकेत भरून अमडापूरला आणले. ह्या बाईला मी कधीही क्षमा करणार नाही.

२४ जानेवारी. अमडापूर

झुंबरबाई दुकानात आली होती. एसटीनं, चिखलीहून, मुद्दाम. बसा म्हणालो नाही. ती बसली.

"शुक्रवारी झेंडावंदन झालं की पंच बसून राह्यले. विहीर भगवानरावाच्या नावानं लिहून देतीन."

"आता त्यांना कळलं ना ते खोटं होतं?"

"वळू होता तो सोमवारी, त्यायच्या दिवशी नव्हता, असं म्हनतात. त्यायच्या दिवशी माता खरी होती."

मूर्खपणाला काही सीमा? मी म्हणालो, "मग माझा काय संबंध?"

"डबा तुमचा हाय."

उठून गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही मी.

यंत्र बरोबर होतं. सहावर लावलं, सहावर चाललं. दोघांना एकच माप. यात माझी चूक काय ते कुणी दाखवावं.

२५ जानेवारी

एकही रेडिओ उघडला नाही. दुपारी दुकानाचं दार लावून तिन्ही डबे टेबलावर मांडले, बॅटरी जोडली, उंबरठा सहावर ठेवला. ठीक चालतात का बघायचं होतं. कानासमोर जाऊन मोठ्यानं म्हणालो, "मी काही केलं नाही."

दिवा लख्ख पेटला.

बॅटरी काढली. तिन्ही डबे पुन्हा ट्रंकेत भरले.

२६ जानेवारी, शुक्रवार

पहाटेची एसटी पकडली, ट्रंक मांडीवर. चिखलीला झुंबरबाई चढली. मी येणार हे तिला सांगितलेलं नव्हतं. तिनं माझ्या ट्रंकेकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. धाडहून जीपनं पुढे.

शाळेसमोर झेंडा लागलेला, पोरांना गूळ-शेंगदाणे वाटून झालेले. पंच पारावर, भगवानराव त्यांच्या शेजारी बसलेला. जनकाबाई खाली, बायकांच्याही मागे.

मी शेषरावांना रामराम केला आणि सांगितलं, धरतीमातेचं यंत्र मी बनवलं. ट्रंक उघडून पारावर डबे मांडले.

भगवानरावाला म्हणालो, "ह्याच्यात जोरानं म्हणा, माझं नाव जनकाबाई."

"मी नाई म्हनत. मी काय बाई हाओ काय?"

शेषराव उठले. मायक्रोफोन हातात घेतला, खाकरले आणि गरजले, "मी जनकाबाई हाओ!"

दिवा पेटला. लोक हसले. शेषराव हसले नाहीत. आता हळू आवाजात म्हणाले, "मी शेषराव." दिवा बंदच. पुन्हा जोरात, "मी वळू हाओ!" पेटला.

त्यांनी मायक्रोफोन खाली ठेवला. मग मला म्हणाले, "त्या दिवशी तुमी कुठी होते?"

"कनातीमागे."

"इचं बोलनं अडून राह्यलं, हे तुमाले दिसत होतं?"

"हो."

"मंग?"

माप, प्रामाणिकपणा, सहाचा आकडा, सगळं तयार होतं माझ्याकडे. त्या पारावर त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. सगळं गाव बघत होतं. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

काहीतरी करायचं म्हणून उंबरठ्याचं बटण फिरवून दोनवर आणलं, मायक्रोफोन घेऊन जनकाबाईकडे गेलो. "बाई, आता बोला. आता पेटेल."

तिनं मायक्रोफोन हातानं दूर केला. "त्याच्यात नाई बोलत मी. मले मानसाईसमोर बोलाचं हाय."

आणि बोलली. तितक्याच हळू. मागचे "ऐकू नाई येत" म्हणून ओरडले तर शेषरावांनी हात वर केला, "चूप बसा, मंग येईन." पंच पुढे वाकले. एक म्हातारे पंच पारावरून खाली उतरून तिच्यासमोर उकिडवे बसले, कानामागे हात धरून.

"सात हातावर मुरूम लागला. मंग काळा पाशान. तवा भावजी तापानं पडले होते, दोन म्हयने. माती मी वाह्यली. माह्या पोटात पोर होतं, ते गेलं. पानी लागलं तवा हे म्हनले, पहिला तांब्या तू पे, ही इहीर तुही हाय. हिस्सा सोडाचा असता तर असं म्हनले असते का? भावजीले इचारा, तवर ते बरे झाले होते, पानी लागलं तवा वरून दोर त्यायनंच धरला होता, त्यायनं ऐकलं."

ह्यातलं बरंचसं ती रविवारीही बोलली असणार. माझ्यापासून चार हातांवर. मी साडेतीन, चार, तीन वाचत होतो.

शेषराव वळले. "भगवान, दोर तू धरला होता?"

भगवानराव पारावरच्या चुन्याला नखानं टोकरत राहिला.

"मोठ्यानं नको. हळूच सांग."

"...हाव."

सोमवार आणि गुरुवार पाणी जनकाबाईचं, असं लिहिलं गेलं. जयजयकार वगैरे काही नाही. रविवारी "खोटारडी" म्हणणाऱ्यांतले काही तिथेच होते, त्यांनी शेंगदाण्यांची टरफलं झटकली आणि घरी गेले. त्यांना लाज वाटली असेल तर दिसली नाही. मलाही ती दाखवता आली असं नाही.

निघताना जनकाबाईनं झुंबरबाईच्या पदरात वांगी घातली, वाळत चाललेल्या झाडांवरची, बारकी, सुरकुतलेली. माझ्याकडे पाहिलं नाही. ते बरोबरच होतं.

परतीच्या एसटीत गर्दी, धूळ, कुणीतरी ओकलेलं. झुंबरबाईला आता काम नाही, हे मला देऊळघाटाच्या चढावर आठवलं. मी म्हणालो, "फळी नवी करीन म्हणतो. चित्रं काढाल का?"

"कायच्यासाठी?"

"शाळांच्या नाटकांना. देखाव्यांना. पाटी लावू देणार नाही कुणाला."

तिनं पदरातली वांगी सारखी केली.

"काढीन. दोऱ्याबी लावीन. पन उंबरठ्याच्या डब्याले तुमी हात लावाचा नाई. उंबरठा कितीवर ठेवाचा ते मी पाहीन."

फौजेत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला, ज्यानं तो डबा स्वतः जोडला त्याला, एक कनाती शिवणारी बाई हे सांगते. मला राग यायला पाहिजे होता. मी वाट पाहिली. चिखली येईपर्यंत आला नाही.

"बरं," म्हणालो.